उलबोसिनची शिल्लक रजा

५ फेब्रुवारी २०१९, मंगळवार. दोन लाख चौदा हजार सहाशे ऐंशी तेंगे.

हा आकडा उलबोसिनच्या कानावर पडला तेव्हा ती दुधाच्या चहाचा पेला घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभी होती. बाहेर तराझ शहराचा नेहमीचा वारा सिमेंटची धूळ एका ढिगावरून उचलून दुसऱ्या ढिगावर नेऊन टाकत होता. पाठीमागे मोल्दिर फोनवर बोलत होती. बोलताना तिने तोंडावर आडवा हात धरलेला खिडकीच्या काचेत दिसत होता.

"हो, केनेके, काढला हिशेब. दोन लाख चौदा हजार सहाशे ऐंशी. शिल्लक रजेचे सगळे दिवस धरून... नाही हो, कुणाला कशाला बोलेन?"

केनेके म्हणजे केन्जेताय, कारखान्याचे मुख्य हिशेबनीस. मानाच्या माणसाचे नाव असे आखडून घ्यायचे, ही तिकडची रीत, वयाने मोठ्या बाईला 'आपाय' म्हणायचे तशीच. कारखाना सिमेंटचे खांब आणि तुळया ओतायचा. तिथल्या सगळ्या कामगारांचा पगार काढायला दोघीच होत्या, सत्तावन्न वर्षांची उलबोसिन आणि एकतीस वर्षांची मोल्दिर. निम्मी माणसे हिच्याकडे, निम्मी तिच्याकडे. स्वतःचा पगार स्वतः काढायचा नाही असा नियम होता, म्हणून उलबोसिनचा पगार मोल्दिर काढी आणि मोल्दिरचा उलबोसिन.

शिल्लक रजेचे पैसे माणसाच्या हातावर ठेवतात ते एकाच वेळी, त्याला कामावरून मोकळे करताना. हे पगार खात्यातल्या बाईला कुणी सांगावे लागत नाही. कारखान्यातून कोण जाणार हे त्याच्या बायकोच्या आधी, कित्येकदा त्याच्याही आधी या दोघींना कळे, कारण वरून फोन येई : अमक्याची रजा किती उरली आहे, जरा बघा. आणि एवढी रजा साठवून बसलेले माणूस साऱ्या कारखान्यात एकच होते. उलबोसिनने मनातल्या मनात आपल्या रोजच्या पगाराने त्या आकड्याला भागले आणि चहाचा पेला खिडकीत ठेवून दिला. चहा तिथेच गार झाला.

रजा साठली होती तिलाही कारण होते. उलबोसिन सुट्टीवर जातच नसे. वर्षाला आठवडाभर, तोही बटाटे लावायच्या दिवसांत. माणूस महिनाभर गेले की त्याच्यावाचून काम चालते हे वरच्यांना कळते, असे तिचे मत होते.

हा स्वभाव तिला आईबापांकडून मिळालेला नव्हता, कमावलेला होता. तालास नदीकाठच्या एका गावात चार मुलींच्या पाठीवर ती पाचवी झाली. बापाने वैतागून नाव ठेवले उलबोसिन, म्हणजे 'मुलगा होवो'. पुढच्या वर्षी खरोखरच मुलगा झाला आणि तिचा पायगुण चांगला ठरला. तो भाऊ आता शिमकेंतला असतो आणि काही हवे असले की फोन करतो. हिशेबाची शाळा तिने शहरात केली, लाकडी मण्यांच्या चौकटीवर बोटे चालवून. पहिली नोकरी विणमालाच्या एका कारखान्यात लागली. तो आता राहिलेला नाही. नव्वदच्या दशकात तिथे सलग पाच महिने पगाराऐवजी मोजे वाटले गेले. कुणाला किती जोड हे उलबोसिनच मांडायची. मग आठ मार्चला, बायकांच्या सणाला, डायरेक्टरसाहेबांनी प्रत्येकीला ट्यूलिपचे फूल दिले, तुमच्यावाचून आमचे पान हलत नाही असे भाषण केले, आणि पुढच्या सोमवारी फाटकाला कुलूप दिसले. तेव्हापासून कुणी गोड बोलू लागले की उलबोसिन त्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची.

तर त्या मंगळवारपासून तिला जे ते खटकू लागले.

महिनाभर एक कुजबुज होतीच. आल्माटीतल्या मुख्य कचेरीने सगळ्या शाखांचे पगार एका नव्या कंपनीकडे सोपवायचे ठरवले होते. संगणक तिथे, माणसेही तिथे. तराझला फार तर एक जण ठेवणार, म्हणे. एक म्हणजे कोण, हे कुणी बोलत नव्हते. आता बोलायची गरजही उरली नव्हती.

बुधवारी मोल्दिरने घरून बाऊरसाक तळून आणले, अजून कोमट असलेले.

"घ्या ना आपाय, सासूबाईंनी मुद्दाम तुमच्यासाठी दिलेत."

"माझ्यासाठी? का? त्यांना माझी कीव कशाला यावी?"

"कीव कसली? पीठ जास्त मळलं गेलं."

"मग तसं सांग की, पीठ जास्त झालं म्हणून."

मोल्दिर हसली. ती हसली याचाही उलबोसिनने हिशेब ठेवला. गुरुवारी मोल्दिरने मोबाइलवर तिच्या संगणकाच्या पडद्याचा फोटो काढला. विचारले तर म्हणाली, कोपऱ्यातला तो लाल दिवा कसला ते संगणकवाल्याला विचारायचेय. शिवाय केन्जेतायनी यंदा सोगिमला बोलावले नव्हते. हिवाळ्यासाठी घोडा कापला की कचेरीला घरी जेवायला बोलवायचे, मोठी कढई चढवायची, हे इतक्या वर्षांत कधी चुकले नव्हते. एरवी जानेवारी संपायच्या आत आमंत्रण येई. यंदा नाही. ज्याला काढायचे त्याला जेवायला कसे बोलावणार, घास घशाखाली उतरायचा नाही, असे उलबोसिनने स्वतःलाच समजावले.

आणि तिला हवे तरी काय होते? फक्त निवृत्तीपर्यंतची वर्षे. पण बायकांच्या निवृत्तीचे वय सरकारने दरवर्षी सहा महिन्यांनी वाढवत न्यायचे ठरवले होते. उलबोसिन एक वर्ष पुढे गेली की ते सहा महिने लांब जाई. मध्ये नोकरी सुटली तर एवढे अंतर काढायचे कशावर, हा प्रश्न होता. नवरा ओराझाली ट्रकवरून कधीच उतरला होता. त्याची पेन्शन गरम पाण्यात, विजेत आणि त्याच्या गुडघ्यांच्या मलमात जायची.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती कुणाला न सांगता रोजगार केंद्रात गेली. रुमाल पुढे ओढून, कुणी ओळखू नये म्हणून. टेबलामागच्या मुलीने नखे लाल रंगवली होती.

"वय, आपाय?"

"सत्तावन्न."

"मग आता निवृत्तीच की."

"मी जवळ गेले की ती पुढे पळते. तू जागा बघ."

मुलीने पडदा वर-खाली केला. "पगार काढणाऱ्याच्या चार जागा आहेत सगळ्या जिल्ह्यात. दोन पस्तिशीच्या आतल्या."

"असं लिहिता येतं का? कायद्यात बसत नाही ते."

"लिहिलेलं नाहीये. 'तरुण आणि उत्साही मंडळींत सामावणारी व्यक्ती' असं लिहिलंय. मी तुम्हाला वाचून अर्थ सांगतेय."

"आणि तिसरी?"

"बालवाडीत. पगारपत्रक, शिवाय स्वयंपाकघराचा साठा, शिवाय नौरोजला मुलांचा नाच बसवायचा. पासष्ट हजार."

"नाच मी बसवायचा?"

"बसवायचा, आपाय. नाचायचं मुलांनी." मुलगी हसली नाही, तिने हे आधीही कुणालातरी सांगितलेले असावे. "चौथी जागा कालच भरली. खरं सांगू? आल्माटीला जा. तिथे मागणी आहे."

"तिथे माझ्यासारख्या बायकांना मागणी आहे?"

"नाही. तिथे संगणक पगार काढतो आणि पोरं संगणकावर नजर ठेवतात. पण मागणी आहे."

उलबोसिनने आपले आडनाव सांगितले नाही, फोन नंबर दिला नाही. मुलीने 'कुठे काम करता?' असे विचारताच ती उठली. या शहरात प्रत्येकाची कुठली ना कुठली नणंद कुठल्या ना कुठल्या कचेरीत असतेच.

पुढच्या बुधवारी, तेरा तारखेला, केन्जेताय आल्माटीला बैठकीला गेलेले होते. दुपारी मोल्दिर बाहेरच्या बोळातून धावतच आत आली. गाल लाल, हातात मोबाइल.

"सुयिंशी, आपाय! सुयिंशी!"

आनंदाची बातमी आणणाऱ्याने असे ओरडायचे आणि ऐकणाऱ्याने आधी काहीतरी द्यायचे कबूल करायचे, मगच बातमी सांगायची. कुणी ओढणी काढून देते, कुणी खिशात असेल ते. कंजुषातला कंजूषही अशा वेळी 'घे, काय हवं ते घे' म्हणतो. सुयिंशीला नाही म्हणणे हे दारातून पाहुण्याला परत लावण्यासारखे.

उलबोसिनने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझी सुयिंशी केनेकेंकडे माग. आनंद त्यांचा आणि तुझा. माझ्या दारात कशाला आलीस?"

"अहो आपाय, आधी ऐका तर खरं..."

"ऐकायचं कशाला? आकडासुद्धा पाठ आहे मला. दोन लाख चौदा हजार सहाशे ऐंशी. बरोबर?"

मोल्दिर जागच्या जागी थांबली. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"मला सांगावं लागतं? तू शाळेत पाटी घेऊन जात होतीस तेव्हा मी इथे माणसांचे हिशेब मिटवत होते."

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे?"

"सगळं."

"आणि तरी असं बोलताय?"

"मग कसं बोलू? उठून नाचू?"

मोल्दिरने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, आपाय, तुम्ही निदान गळ्याशी धराल." ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत दोघींत अवाक्षर झाले नाही. सहा वाजता मोल्दिर निघून गेली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. उलबोसिनला वाटले, मन खात असणार.

घरी ओराझाली दूरदर्शनपुढे गुडघ्याला पट्टा बांधून बसला होता. तिने सगळे सांगितले. त्याने आवाज बारीक केला.

"म्हातारे, पोरगी सुयिंशी मागत होती ना? मग बातमी तुझ्या चांगल्याचीच असणार. स्वतःच्या चांगल्याची सुयिंशी कुणी दुसऱ्याकडे मागतं?"

"हल्ली मागतात."

"तू विचारलंस का, बातमी काय ते?"

"तुम्हाला कळत नाही. तुम्ही आयुष्यभर ट्रक चालवलात. ट्रक खोटं बोलत नाही."

"बोलतो की. डिझेलचा काटा रोज बोलायचा." तो हसला. ती हसत नाही हे बघून त्याने विचारले, "आता काय करणार?"

उलबोसिनचे सगळे ठरलेले होते. पगार खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला एक कलम झोपेतसुद्धा आठवते : आजारपणाच्या रजेवर असलेल्याला मालक काढू शकत नाही. कितीतरी कामगार तिने या कलमाच्या आडोशाला बसलेले पाहिले होते. वरून पत्र निघायच्या सकाळी दवाखान्याचा कागद हजर. तेव्हा ती चिडायची. आता तिला त्यांचे कौतुक वाटले. मार्च लागेपर्यंत तग धरला की नवी कंपनी सुरू होणार. त्या गडबडीत आपल्याला हात लावायला कुणाला फुरसत राहणार नाही, असा तिचा हिशेब होता.

खोटे बोलायची वेळ आलीच नाही. सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा आवळला, फुगवला, पुन्हा फुगवला.

"आपाय, हा रक्तदाब घेऊन तुम्ही चालत आलात?"

"बसने आले."

"घरी पडून राहायचं. काम नाही, फोन नाही, काळजी नाही. समजलं?"

"फोन नाही, हे कागदावर लिहून द्याल?"

त्यांनी पुढच्या शुक्रवारपर्यंतची रजा लिहून दिली. गोळ्याही दिल्या.

फोन पहिल्याच दिवशी वाजला. केन्जेताय. तिने वाजू दिला. आजारी माणसाने कचेरीचा फोन उचलला की 'आवाज तर ठणठणीत आहे' असे दुसऱ्या टोकाला कुणीतरी लिहून ठेवते, हे तिने स्वतः पाहिलेले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा केन्जेताय. मग मोल्दिर. मोल्दिरचे नाव दिसताच तिने फोन बंदच करून टाकला आणि पिठाच्या डब्याशेजारी ठेवला.

"उचलून तर बघ," ओराझाली म्हणाला.

"घरात आहे की बाजारात फिरतेय, हे बघायचंय तिला."

"मग घरात आहेस हे कळेल. चांगलंच की."

"तुम्ही चहा प्या."

वीस तारखेला दारावर थाप पडली. ओराझाली सपाता घासत दाराकडे निघाला. उलबोसिन अंथरुणातून उठली आणि तिने त्याचा सदरा मागून धरला.

"उलबोसिन आपाय आहेत का?" बाहेरून एका तरुण माणसाचा आवाज. "कारखान्यातून आलोय. कागदावर सही हवी होती. आजच हवी."

"सही," उलबोसिन कुजबुजली. "बघितलंत? सही."

"अगं, पण कशावर?"

"नोटिशीवर, आणखी कशावर? सही केली की पोचली. नाही केली तर हवेत."

पुन्हा थाप. "आपाय, मला आल्माटीला पाठवायचंय ते आज रात्रीच्या गाडीने!"

"बिचारा लांबून आलाय," ओराझाली पुटपुटला. "वारा केवढा सुटलाय. आत बोलावून निदान चहा..."

"तुम्ही पाहुणचार करा आणि मी नोकरी घालवते!"

दोघे दाराच्या आतल्या बाजूला, पाहुणा बाहेरच्या बाजूला. समोरच्या शेजारणीने दार उघडून सांगितले की ते घरातच आहेत, म्हातारा सकाळी कचरा टाकायला आला होता. पोराने आणखी एकदा ठोठावले, जिन्यावर काहीतरी बोलला आणि गेला. दारातल्या माणसाला चहा न विचारता जाऊ द्यायची ओराझालीच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती.

रजा शुक्रवारी संपली. पंचवीस तारखेला, सोमवारी, उलबोसिन कचेरीत गेली ती मान ताठ ठेवून. आपण तग धरला, असे तिला वाटत होते. केन्जेतायनी तिला आत बोलावले, दार लावले आणि बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"तब्येत कशी आहे?"

"कागद दिलाय मी."

"कागद मिळाला. उलबोसिन, तुम्ही दार का उघडलं नाहीत?"

"मी आजारी होते, केनेके. आजारी माणसाला काढता येत नाही."

"काढायचं कुणाला होतं?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आल्माटीच्या नव्या कंपनीत इथला एक माणूस घ्यायचा होता. मी तुमचं नाव दिलं. दोन महिने भांडलो त्यांच्याशी. ते म्हणत होते, वय बघा. मी म्हटलं, वय बघू नका, हिशेब बघा. तेरा तारखेला मंजूर झालं."

उलबोसिन उभी होती ती खुर्चीत बसली.

"मग माझ्या रजेचा हिशेब?"

"कंपनी बदलायची तर इथलं खातं आधी बंद करावं लागतं की नाही? इथून मोकळं करायचं, रजेचे पैसे द्यायचे, दुसऱ्या दिवशी तिथे घ्यायचं. तुमचा हिशेब तुम्ही काढू शकत नाही, म्हणून मोल्दिरला सांगितलं. आल्माटीहून हुकूम येईपर्यंत बोलू नको असंही मीच सांगितलं होतं. जी राहणार होती तिचाच हिशेब मिटवायचा होता. जी जाणार तिचा मार्चअखेरीस."

आयुष्यभरात उलबोसिनने माणसाला ठेवण्यासाठी कुणाचा हिशेब मिटवलेला पाहिला नव्हता. एकदाही नाही.

"वीस तारीख शेवटची होती," केन्जेताय म्हणाले. "तुमची सही असती तर आजारपणातही चाललं असतं. सही नाही, आणि आजाराच्या रजेवरच्या माणसाला सहीशिवाय मोकळं करता येत नाही. तुम्हाला कलम ठाऊकच आहे. आल्माटीवाले म्हणाले, दुसरं नाव द्या. दुसरं नाव एकच होतं."

"आणि सोगिम?" तिच्या तोंडून निघून गेले.

"काय?"

"यंदा सोगिमला बोलावलं नाहीत."

"सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आमच्या, डिसेंबरपासून. यंदा घोडाच कापला नाही. हे तुम्ही कुठे धरून बसलात?"

बाहेर मोल्दिर आपल्या टेबलाशी खोकी भरत होती. नव्या कंपनीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. उलबोसिन तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तू सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच आले होते, आपाय. सुयिंशी मागत आले होते. तुम्ही म्हणालात, सगळं ठाऊक आहे. आकडासुद्धा सांगितलात."

"मी समजले, मला काढतायत."

"ते मला कसं कळणार? मला वाटलं, माझी नोकरी गेली, आणि वर तुम्ही माझ्यावरच चिडलाय. माझं ठरलं होतं तेव्हा, आल्माटीला बहिणीकडे जायचं. नंतर तिने तिथल्या खोलीचं भाडं सांगितलं. पगार दुप्पट नि भाडं तिप्पट." मोल्दिरने खोक्याला चिकटपट्टी लावली. "तरी मी फोन केला. दोनदा केला."

"दोनदा?"

"दोनदा. आईशप्पथ."

उलबोसिनने त्या संध्याकाळी फोन काढून पाहिला. केन्जेतायचे दोन फोन होते. मोल्दिरचा एक. एकच. ओराझाली म्हणाला की दुसरा फोन बंद असताना आला असेल, बंद असताना आलेला दिसत नाही. तिने शेजारच्या पोराला विचारले, तो म्हणाला कधी दिसतो, कधी नाही, कंपनीवर आहे. मोल्दिरने दुसऱ्यांदा खरोखर फोन केला का, आणि केला असेल तर किती वेळ वाजू दिला, याचा विचार उलबोसिनने मार्च महिनाभर केला. त्या मुलीला नोकरी हवी होती. हवी असायला काय हरकत? पण एक फोन कमी करून ती मिळत असेल तर? तिने स्वतःला मोल्दिरच्या जागी ठेवून पाहिले, आणि आपण दुसरा फोन केला असता असे तिला छातीठोकपणे म्हणता येईना. त्यामुळे संशय गेला नाही, उलट घट्ट बसला.

एक एप्रिलला तिचे खाते बंद झाले. रजेचे पैसे मिळाले, आजारपणाचे दिवस मध्ये आल्याने थोडे कमी. ते मोल्दिरनेच काढले होते आणि बरोबर काढले होते. उलबोसिनने तीन वेळा तपासले.

मग ती पुन्हा रोजगार केंद्रात गेली. या वेळी रुमाल न ओढता, आडनाव सांगून. लाल नखांच्या मुलीने बालवाडीची जागा अजून आहे म्हणून सांगितले, आता नाच वगळला होता पण पगारही साठवर आणला होता. उलबोसिनने ती घेतली नाही. तिने एक बेकरी, एक टायरचे दुकान आणि भाऊबंदांचा एक कोंबड्यांचा धंदा अशी तीन गिऱ्हाइके मिळवली. महिन्यातून दोनदा प्रत्येकाकडे जायचे, त्यांच्या दहा-बारा माणसांचे पगार काढायचे, कराचे आणि पेन्शनचे भरणे लावून द्यायचे. बेकरीवाला पैशांबरोबर पावही द्यायचा. ती पाव घेताना तो शिळा तर नाही ना, हे दाबून बघायची. सगळे मिळून तिच्या जुन्या पगाराच्या निम्म्याला पोचत होते. पण पेन्शनखात्यात दर महिन्याला काहीतरी पडत होते. वर्षे जोडली जात होती, आणि तिला तेच हवे होते.

जूनमध्ये एका सकाळी फोन वाजला. मोल्दिर. या वेळी उलबोसिनने पहिल्याच घंटीला उचलला.

"आपाय, कशा आहात? पाय, रक्तदाब, म्हातारबाबा?"

"सगळे जागेवर आहेत. काय हवंय ते बोल."

"एक ड्रायव्हर आहे. दोन बायकांना पोटगी लागू झालीय, दोन वेगवेगळ्या कोर्टांतून. दोन्ही मिळून अर्ध्याच्या वर जातंय. आल्माटीचा संगणक अडून बसलाय आणि तिथली पोरं म्हणतात, तूच बघ. आधी कुणाचं कापू?"

उलबोसिनला उत्तर तोंडपाठ होते. कारखान्यातला असा एक ट्रकवाला तिने पगारपत्रकात दहा वर्षे सांभाळला होता.

"दीड हजार तेंगे."

"काय?"

"सल्ल्याचे. मी आता धंदा करते, पोरी. बेकरीवालाही देतो."

मोल्दिर पलीकडे हसली की खोकली ते नीट कळले नाही. "बरं, आपाय. द्यायचेच. पगार झाला की देते."

"कधी होतो तुमचा पगार?"

"दहा तारखेला."

उलबोसिनने सांगितले. दोघींची पोटगी कशी वाटायची, मर्यादा कुठे येते, कोर्टाला काय कळवायचे, सगळे सांगितले. मोल्दिरने लिहून घेतल्याचा आवाज येत होता. शेवटी ती म्हणाली, "आपाय, तुम्ही असतात तर..." आणि वाक्य तिथेच सोडून तिने आभार मानले.

जूनची दहा तारीख गेली. जुलैचीही गेली. मोल्दिरकडून दीड हजार तेंगे येणे आहेत.